मैत्रायणीचा चेहरा

सिनेमा येणार ही बातमी मंडळात आधी कुणी आणली, यावर सांगलीत अजून एकमत नाही. आण्णासाहेब मगदूम छातीवर हात ठेवून सांगतात, मी आणली. कुरुंदवाडे बाई म्हणतात, मगदुमांना फक्त हळदीच्या पेठेतलं कळतं, बाकी जगात काय चाललंय ते त्यांना आम्हीच सांगतो. बातमी कुणीही आणलेली असो, दोन हजार एक्केचाळीसच्या त्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर अगस्ती वाचक मंडळाची अकराच्या अकरा माणसं हजर होती, आणि भडंगाच्या परातीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. सांगलीकरानं भडंगाला हात लावू नये, म्हणजे प्रसंग किती बाका होता ते ओळखा.

य. मा. हुपरीकरांची ‘अगस्तीच्या वाटेवर’ ही सात भागांची विज्ञानकादंबरी या मंडळींनी इतक्या वेळा वाचली होती, की तुम्ही पान सांगा आणि ओळ म्हणून घ्या. अगस्तीच्या ताऱ्याकडे निघालेलं एक यान, त्यातली चारशे माणसं आणि यानाची प्रमुख मैत्रायणी. हुपरीकर गृहस्थ मोठे विक्षिप्त. यानाच्या एकेका झडपेचं वर्णन दोन दोन पानं करतील, पण मैत्रायणी दिसायला कशी, ते सात भागांत एकदाही सांगितलं नाही. उंच आहे, भरभर चालते आणि पहिल्या भागात बत्तीस वर्षांची आहे. बस्स. पुढे ते वारले आणि विचारायची सोयही उरली नाही.

मग काय, वाचकांना रान मोकळं मिळालं. हुपरीकरांचा जन्म संक्रांतीचा. त्या दिवशी मंडळात चिठ्ठ्या लिहायची प्रथा होती: या कादंबरीवर सिनेमा निघालाच, तर मैत्रायणी कोण आणि कशी. तिळगूळ वाटून झाला की गोड बोलणं तिथंच संपायचं. मगदुमांना ती आडव्या हाडाची, तालमीतल्या पोरीसारखी हवी असायची. कुरुंदवाडे बाईंनी सगळी हयात शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवलेली. त्यांची मैत्रायणी सडपातळ आणि चष्मेवाली.

“अंतराळात चष्मा घसरंल की वो बाई!” मगदूम म्हणायचे.

“तिथं वजनच नसतं, मगदूम. घसरणार कुठं? तरंगेल.”

असं चाळीस-बेचाळीस वर्षं चाललेलं. या भांडणात कधीही न पडणारा एकच माणूस होता, शिरीष खटावकर. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला, आता निवृत्त, वय सहासष्ट. त्याची चिठ्ठी गेली पंधरा वर्षं कोरी निघायची. सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि चहाचे कप गोळा करायला उठायचा.

आता हा सिनेमा कसा होणार होता, ते जरा सांगायला हवं. आपण डोळे मिटून कुणाचा चेहरा आठवतो, तेव्हा मेंदूचा मागचा भाग, जो एरवी डोळ्यांनी पाहिलेलं समजून घेतो, तोच कामाला लागतो. पाहणं आणि मनात पाहणं यांची चूल एकच, फक्त मनातली आच मंद. त्या भागातली हालचाल टिपणारी यंत्रं पूर्वीही होती, पण ती खोलीएवढी मोठी आणि त्यातून निघणारं चित्र धुरकट. गेल्या सहा-सात वर्षांत ती यंत्रं एका टोपीत मावायला लागली, आणि त्या धुरकटातून नेमका चेहरा शोधायला शिकलेला संगणक जोडीला आला. ‘मनपट’ नावाच्या कंपनीनं ठरवलं, की नट नको, नट्या नकोत. चार हजार वाचकांना टोपी घालायची, प्रसंग वाचून दाखवायचा, मनात जे उमटेल ते टिपायचं, आणि सगळ्यांचं मिळून एक चित्र करायचं. जाहिरातच तशी होती: ‘तुम्ही वाचलात, तोच सिनेमा.’

पण सरसकट सरासरी काढली तर चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा सपाट होतो. म्हणून चाळीस मुख्य वाचक निवडायचे होते. त्यांना प्रत्येकी बारा बैठका. ज्याचं चित्र बाराही बैठकांत ढळणार नाही, त्याच्या चित्राला सिनेमात वजन जास्त. आणि अगस्ती मंडळानं आपला एक मुख्य वाचक पाठवावा, असं पत्र आलं होतं.

आता मगदूम आणि बाई यांची जुंपणार म्हणून सगळे सरसावून बसले, तर कोपऱ्यातून शिरीष उठला.

“मला पाठवा,” तो म्हणाला.

“तुम्हाला? कोरी चिठ्ठी पाठवून काय करायचं, खटावकर?” कुणीतरी हसून म्हणालं.

“कोरी नव्हती. लिहायची नव्हती, एवढंच. माझं चित्र पक्कं आहे. इतकी वर्षं हललेलं नाही.”

बोलताना त्याचा आवाज चिरकला. पंधरा वर्षांपूर्वी शिरीषच्या मुलीला दवाखान्यात नेलं होतं ते मगदुमांच्याच गाडीतून. मगदुमांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, स्वतःचं नाव लिहून आणलेली चिठ्ठी चुरगळून खिशात घातली आणि म्हणाले, “शिरीषराव जाणार. कुणाला काय म्हणायचंय ते जिन्याखाली जाऊन म्हणा.”

घरी सुलभा पावटे सोलत बसली होती. शिरीष तिच्यासमोर बसला, चार शेंगा सोलल्या, दाणे टरफलांत टाकले. सुलभानं ते निवडून परत घेतले.

“काय झालंय? बोला तरी.”

मग त्यानं सांगितलं. केतकी नऊ वर्षांची असल्यापासून दर रविवारी सकाळी सुलभा तिच्या केसांना तेल लावायला बसायची आणि शिरीष ही कादंबरी मोठ्यानं वाचायचा. सातही भाग दोनदा वाचून झाले होते. सुलभाला त्या यानात काडीचा रस नव्हता, “ती बाई जेवते कधी?” एवढंच ती मधून मधून विचारायची, आणि बापलेक वैतागायचे. केतकी सतराव्या वर्षी मेंदूज्वरानं गेली. पाच दिवसांत गेली. त्यानंतर दोन वर्षं शिरीषनं पुस्तकांना हात लावला नाही. मग एका दुपारी पहिला भाग उघडला, मैत्रायणी यानाची शिडी चढून वर आली, आणि ती केतकी होती.

“म्हणजे केतकीसारखी?”

“सारखी नाही गं. केतकीच. पण सतराची नाही, एकोणीसची. पुढच्या वर्षी पुन्हा वाचलं तर विशीची. मी दर वर्षी वाचतो आणि ती दर वर्षी वाढते, सुलभा. आता बत्तीसची झालीय. कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, याच्या डोक्यावर परिणाम झाला.”

सुलभाचे हात थांबले.

“मला नाही दिसत हो,” ती म्हणाली. “मला ती तिथंच दिसते. सलाइन लावलेली, ओठ सुकलेले. डोळे मिटले की तेच. त्याच्या आधीची दिसत नाही आणि पुढची तर नाहीच. कशी दिसते ती? सांगा ना.”

शिरीषनं प्रयत्न केला. कपाळ, नाक, हसणं. शब्दांत काही येईना. पोलिसांत हरवल्याची तक्रार लिहून द्यावी तसं ते ऐकू यायला लागलं, तेव्हा तो थांबला.

“सांगता येत नाही. दाखवतो तुला. चालताना, बोलताना, पडद्यावर. आपली केतकी बत्तीस वर्षांची तुला दाखवतो. बारा बैठका फक्त मला पक्कं राहायचंय.”

सुलभानं पदरानं डोळे पुसले आणि पावट्याचं भांडं उचलून आत गेली. आतून तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

बैठका मिरजेला होत्या, डॉक्टर फरझाना मुल्ला यांच्या प्रयोगशाळेत. बाई पस्तिशीच्या, मेंदूच्या अभ्यासातल्या मोठ्या जाणकार, पण बोलणं घरच्यासारखं. टोपी चढवण्याआधी त्यांनी शिरीषला समोर बसवलं.

“काका, सही करण्याआधी नीट ऐका. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा ती मेंदूत काही तास मऊ होते, आणि मग पुन्हा घट्ट होऊन बसते. मऊ असताना दुसरं काही समोर आलं, तर ते तिच्यात मिसळून जातं. आणि आपल्याला कळतही नाही. आपल्याला वाटतं, हे असंच होतं. एरवी आपण वरवर आठवतो, म्हणून फारसं बिघडत नाही. पण टोपीखाली आम्ही ती आठवण तळापासून ढवळतो.”

“मग करायचं काय?”

“बैठक झाली की सहा तास एकही चित्र बघायचं नाही. या सिनेमाबद्दल बोलायचं नाही, ऐकायचं नाही. घरी जाऊन खिडक्या लावून पडायचं. एवढं पाळलंत तर तुमची आठवण जशीच्या तशी घट्ट होईल. आणि माझं ऐकाल तर तीन बैठकांवर थांबा.”

“तिनांनी वजन किती मिळेल?”

“थोडं.”

“मग बाराच,” शिरीष म्हणाला आणि सही केली.

पहिल्या बैठकीत फरझानाबाईंनी शिडीचा प्रसंग वाचला, आणि केतकी आली. आखूड केसांची. हात पाठीमागे पुसत, मान जराशी वाकडी करून तिनं यानातल्या माणसांकडे पाहिलं. शिरीषच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चित्र कुणालाही दाखवायचं नाही असा कंपनीचा नियम होता. पडदा फक्त डॉक्टरांच्या बाजूला होता. त्यांनी वाचणं थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, “काका, कोण आहे ही?”

“मैत्रायणी,” तो म्हणाला.

अकरा वाजता तो बाहेर पडला. मिरजेहून सांगली म्हणजे काय, डुलकी लागायच्या आत येते. सरळ घरी जायचं, हे त्यानं मनाशी पक्कं ठरवलेलं. पण वाटेत वाचनालय. माडीवर दहा माणसं डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असणार. नुसतं तोंड दाखवून यावं, म्हणून तो जिना चढला.

अहो, त्या दिवसांत नुसतं तोंड दाखवून परत येणं कुणाला जमलं असतं? सगळ्या महाराष्ट्रातल्या हुपरीकरवाल्यांना चेव आला होता. नागपूरच्या वाचकांनी आपली मैत्रायणी तयार करून पाठवलेली, ठाण्याच्यांनी वेगळी, नगरकरांनी तर तिला नऊवारी नेसवलेली. रोज शंभर-दोनशे चित्रं यायची आणि प्रत्येकाखाली लिहिलेलं, ‘अशीच असणार!’ मंडळानं ती भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली होती. शिरीष दारात दिसताच सगळे ओरडले.

“या या, मुख्य वाचक! सांगा, ह्यातली जवळची कुठली?”

“कुठलीच नाही,” शिरीष म्हणाला. “हनुवटी बघा ना ही. अशी नाहीच.”

“मग कशी?”

बसला तो. इतकी वर्षं जे मनात कोंडून ठेवलं होतं, ते विचारणारी दहा माणसं एकदम समोर. हे नाक नाही, जरा आखूड. या भुवया नाहीत. हे डोळे जवळ आहेत थोडे, पण नाही. ज्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं तो माणूस काठी घेऊन पडद्यापाशी उभा राहून एकेक चित्र निकालात काढत होता. त्याला इतकं बरं वाटत होतं, की केतकी गेल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

“खटावकर, डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलं असेल ना?” कुरुंदवाडे बाईंनी एकदा विचारलं.

“सहा तास चित्रं बघायची नाहीत. पण मी बघतोय कुठं? मी खोडून काढतोय.”

हे त्याला मनापासून पटलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर बाईंनाही पटलं. वर्षानुवर्षं दुसऱ्याची मैत्रायणी खोडून काढण्यातच या लोकांचा जन्म गेलेला. खोडून काढायलाही आधी बघावं लागतं, हे त्यांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दर बैठकीनंतर हेच. घरी सुलभाला तो सांगायचा, मिरजेतच अंधाऱ्या खोलीत पडून होतो. चौथ्या, पाचव्या बैठकीत त्याचं चित्र हलायला लागलं. चित्र शंभरात किती स्थिर आहे ते सांगणारा, फरझानाबाईंनी दाखवलेला आकडा एकदम खाली आला. शिरीष घाबरला. पण आठवीपासून तो पुन्हा चढला, दहावीला नव्वद झाला आणि बारावीला सत्त्याण्णव. चाळीस मुख्य वाचकांत सगळ्यात जास्त.

“काका, पथ्य पाळताय ना?” फरझानाबाईंचा चेहरा काही खुलला नव्हता. “आकडा स्थिर झाला म्हणजे तुमचंच चित्र स्थिर झालं, असं नसतं. कुठलं तरी एक स्थिर झालं, एवढंच कळतं मला त्यावरून. नियमानं मला पहिलं चित्र काढून ताडून बघता येत नाही.”

“पाळतोय की,” शिरीष म्हणाला. त्याच्या कानांत फक्त सत्त्याण्णव घुमत होतं.

सिनेमा पौषात लागला. मंडळानं रविवारच्या सकाळच्या खेळाच्या दोन रांगा अडवल्या. सुलभा ठेवणीतली साडी नेसून आली होती. सिनेमाला ती वर्षानुवर्षं गेली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसून, पर्स दोन्ही हातांत धरून ती पडद्याकडे बघत होती. दिवे गेल्यावर शिरीषनं तिचा हात धरला.

यान आलं. झडपा आल्या, हुपरीकरांनी लिहिल्या होत्या तशा. मग शिडीवर पावलं वाजली, आणि मैत्रायणी वर आली.

सगळ्या थिएटरात एकच आवाज उठला. “हीच!” मगदूम तर उभेच राहिले, “हीच की वो! माझीच हाय ही!” म्हणत रडायला लागले. कुरुंदवाडे बाई चष्मा पुसत पुटपुटत होत्या, “अगदी अशीच. मी म्हणतच होते.” त्यांची चष्मेवाली आणि मगदुमांची पैलवानीण एकच कशी असेल, हा प्रश्न त्या वेळी कुणालाच पडला नाही. आणि शिरीष? त्याला वाटलं, आता छाती फुटेल. ती मान, ते बघणं, ते भरभर चालणं. एका केसाचाही फरक नव्हता. त्यानं सुलभाचा हात घट्ट दाबला.

“बघ. आली बघ.”

सुलभा पडद्यावर इकडून तिकडे बघत राहिली. मैत्रायणी चारशे माणसांशी बोलली, यान सुटलं, कुणी मेलं, कुणाचं लग्न झालं. मध्यंतर झालं, दिवे लागले. सुलभा त्याच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखी आशा होती.

“अहो, आपली केतकी कधी येणार?”

शिरीषला आधी प्रश्नच कळला नाही. “अगं, तीच की! मैत्रायणी. इतका वेळ पडद्यावर आहे ती कोण?”

“ती? ती नाही हो आपली.”

“अगं नीट बघ.”

“माझी मुलगी मला कळणार नाही? नऊ महिने पोटात वाढवलीय मी तिला.” तिचा आवाज चढला तशी मागची माणसं बघायला लागली. “बत्तीसची होऊ दे नाहीतर पन्नाशीची. ती कुणीतरी दुसरी बाई आहे. तुम्ही मला बोलवून आणलंत, आणि दुसऱ्याच बाईला दाखवलंत.”

ती उठून चालायला लागली. शिरीष तिच्यामागून बाहेर आला.

घरी आल्यावर शिरीष सरळ भिंतीवरच्या फोटोपाशी गेला. सतरा वर्षांची केतकी, कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काढलेला फोटो मोठा करून घेतलेला. सुलभाची चूक दाखवून द्यायची होती त्याला. त्यानं बघितलं. कान वेगळे. हनुवटी वेगळी. डाव्या भुवईशेजारचा तीळ पडद्यावर नव्हताच. जन्मभर नकाशे ताडून पाहिलेला माणूस. एका ठिकाणी चूक निघाली तर तो समजूत घालून घेतो, पण इथं एकही रेघ जुळेना.

ठीक आहे, त्याला वाटलं, सिनेमावाल्यांनी बिघडवलं असेल. माझ्या मनातली तर आहे ना. त्यानं डोळे मिटले. शिडी. पावलं. वर आली ती पडद्यावरची बाई. त्यानं तिला घालवलं, पुन्हा आठवलं. पुन्हा तीच. मग तो घाबरून मागे गेला, रविवारच्या सकाळी, खोबरेल तेलाची वाटी, सुलभाच्या गुडघ्यांमध्ये बसलेली नऊ वर्षांची पोर. पोरीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिलाही पडद्यावरच्या बाईचाच चेहरा होता, लहान केलेला.

“सुलभा,” त्यानं हाक मारली, “सुलभा, अगं इकडे ये लवकर.” ती आली तेव्हा तो भिंतीला हात टेकून उभा होता. त्यानं सगळं सांगितलं. पथ्य, माडी, काठी, सगळं. सुलभा चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि म्हणाली, “एवढं एक तर होतं हो आपल्याकडे.”

दुसऱ्या दिवशी दोघं मिरजेला गेली. फरझानाबाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत; रागवून आता काय होणार होतं.

“परत आणता येईल का?” शिरीषनं विचारलं.

“नाही, काका. खाली कुठं जुनं दडलेलं नसतं. त्याचंच हे झालंय.” त्यांनी टेबलावरचा संगणक जवळ ओढला. “पण सिनेमा लागल्यावर कंपनीनं कुलूप काढलंय. मुख्य वाचकाला आपल्या पहिल्या बैठकीचं चित्र मागता येतं. तेव्हा काही मिसळलेलं नव्हतं. हवंय?”

शिरीषनं मान डोलावली. बाई आत गेल्या आणि हातभर लांबीचा एक कागद घेऊन आल्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला, आणि शिरीषच्या आधी सुलभा त्यावर वाकली.

बोटं कागदाच्या कडेवर ठेवून ती बघत राहिली, आणि मग एकदम बोलायला लागली.

“अगं बाई, केस कापलेत हिनं! कापणारच होती, मीच नको म्हणत होते. कपाळ बघा, माझ्या आईचं आहे. आणि हा तीळ. वाळलीय थोडी. खात नसणार वेळेवर, कामात असली की सांगावं लागायचं हिला. अहो, किती मोठी झालीय ही. केवढी मोठी झालीय माझी पोर.”

ती हसत होती आणि रडत होती. पंधरा वर्षांत शिरीषनं तिला असं पाहिलं नव्हतं. फरझानाबाई हलकेच खोलीबाहेर गेल्या.

शिरीष पुढे झाला. त्यानं कागद बघितला. तीळ होता. कान फोटोतल्यासारखे होते, हनुवटीही. भिंतीवरच्या फोटोशी सगळी मापं जुळत होती. ही केतकीच होती, यात शंकेला जागा नव्हती. तो थांबला, आत काहीतरी हलेल म्हणून वाट बघितली. काही हललं नाही. आखूड केसांची, तिशी ओलांडलेली एक बाई, मान जराशी वाकडी करून त्याच्याकडे बघत होती. तिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“आता ती सलाइनची नाही दिसणार मला,” सुलभा म्हणाली. “तुम्ही म्हणाला होतात दाखवीन, आणि दाखवलीत. काल मी उगाच बोलले तुम्हाला.” तिनं त्याची बाही धरली. “ओळखलीत ना?”

“म्हणजे काय,” शिरीष म्हणाला. “आपलीच की.”

“इथं काय म्हणतेय असं वाटतं हो ती? तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्याशी बोलायची ना ती रोज.”

शिरीष म्हणाला, “विचारतेय, आई जेवली का.”

सुलभा पुन्हा रडायला लागली, आणि तिनं कागद उचलून त्याच्यासमोर धरला, त्याला नीट दिसावा म्हणून, अगदी जवळ. शिरीष बघत राहिला. मग परक्या बाईकडे असं टक लावून बघू नये, असं त्याला वाटलं, आणि त्यानं नजर खाली केली.